पाहुणीनं भरलेली ओटी

आखातातल्या सहम गावी एका खासगी दवाखान्याच्या लॅबमध्ये किशोरीचा शब्द शेवटचा असे. रक्त खोटं बोलत नाही, माणसं बोलतात, असं ती म्हणे. २०१४च्या उन्हाळ्यात तर हे ती जरा जास्तच कडवटपणे म्हणायला लागली होती.

वेंगुर्ल्याला आई वारली आणि धाकट्या भावानं, देवेशनं, फोन केला तो अग्नी देऊन झाल्यावर. "आदी सांगून काय उपयोग होतो? तू थंय, आमी हंय." आता तोच आईचे गोडवे गात होता, मेल्या म्हशीला मणभर दूध! किशोरीला एवढंच हवं होतं, की आईनं शेवटी आपलं नाव घेतलं होतं का? "काय नाय," देवेश म्हणे. "तिका बोलाकच येय नव्हता." तिचा विश्वास बसत नव्हता. बसला असता तर पुढचं टळलं असतं.

शेजारची वजीरा दाभोळची. तिच्या घरमालकिणीच्या सुनेला झार लागला होता, म्हणजे तिकडचं भूत अंगात शिरलं होतं. सून जेवत नव्हती, नवऱ्याला ओळखत नव्हती. तिचं रक्त किशोरीनंच तपासलं होतं, सगळं नॉर्मल. "तुमच्यात अंगात येतं ना, तसंच," वजीरा म्हणाली. "ढोल वाजवून त्याला बोलतं करतात."

बोलतं करतात, एवढंच किशोरीच्या डोक्यात राहिलं.

नवरा तिकडे दुक्मला, बंदराच्या कामावर. मुलगी प्रियांका अभ्यासाला बसली होती. "मम्मा, लवकर ये... येशील ना?" इंग्रजी शाळेतल्या तिला मराठी बोलताना शब्द शोधावे लागत, आणि मालवणीचा तर एक शब्दही तिला येत नव्हता. आजीशी तिचं बोलणं 'हाय आजी, बाय आजी' एवढंच. वजीराबरोबर त्या ढोलाला निघताना किशोरीनं पिशवीत नारळ आणि मूठभर तांदूळ टाकले. कुठल्याही देवाभुताच्या थानाला रिकाम्या हातानं जायचं नाही, हे तिच्या हाडात होतं. कुठल्याही रिपोर्टात ते दिसलं नसतं.

असरची, उतरत्या दुपारची नमाज नुकतीच आटोपली होती. खजुराच्या बागेमागच्या अंगणात सुकत घातलेल्या मासळीचा वास लोबानाच्या धुरात मिसळला होता. बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. मधे चटईवर सून, आणि समोर ढोल घेतलेली काळीसावळी म्हातारी.

"हे बघ, आपण पाव्हण्या," वजीरा कुजबुजली. "झार मागेल ते घरचे देतील. आपण काय द्यायचं नाय, काय विचारायचं नाय."

ढोल सुरू झाला. सून डोलू लागली, मग झांजिबारकडच्या कुठल्याशा भाषेत पुरुषी आवाजात बरळू लागली. उपाशी पोट, उकाडा, धूर, माणूस बरळणारच. किशोरीला हसू आलं.

मग सुनेनं मान वळवली. थेट किशोरीकडे पाहत ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळू लागली. घट्ट, सोडून, परत घट्ट. फोनची वाट बघताना आई पदराचं टोक असंच गुंडाळायची.

किशोरी उठली. वजीरानं तिचा हात धरला, तो तिनं झिडकारला. नारळ आणि तांदूळ सुनेच्या ओटीत घातले आणि तिनं गावच्या भाषेत विचारलं, "आये, माझा नाव घेतललंस?"

ढोल थांबला.

सुनेनं नारळ पोटाशी धरला आणि डोळे मिटले. म्हातारी वजीराला अरबीत काहीतरी म्हणाली. वजीराचा चेहरा उतरला.

"ती विचारत्येय, तुझ्या घरी कोण आहे?"

"प्रियांका. एकटीच आहे. का?"

वजीरानं ते अरबीत सांगितलं नाही. म्हातारीला ते न सांगताच कळलं असावं.

"खलास," म्हातारी म्हणाली.

सुनेनं डोळे उघडले, नवऱ्याचं नाव घेतलं, पाणी मागितलं. सासू रडू लागली. किशोरीकडे मात्र कुणीच बघेना. कॉफीचा कपही तिला वगळून पुढे गेला. गाडीपर्यंत सोडायलासुद्धा कुणी आलं नाही, वजीराही नाही.

घरी पोचली तेव्हा मगरिबची, सूर्यास्ताची बांग होत होती. दार सताड उघडं होतं.

प्रियांका उंबऱ्याशी जमिनीवर बसली होती, पाय लांब करून. फ्रॉकचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"इलंस?" ती म्हणाली. "घेय होतंय गो तुझा नाव. जीव जायपर्यंत घेय होतंय."

किशोरीला जे ऐकायचं होतं ते तिनं ऐकलं.

"प्रियांका," तिनं हाक मारली. मग जरा मोठ्यानं, "प्रियांका!"

मुलीनं मान वळवून रस्त्याकडे पाहिलं, कोण येतंय ते बघायला.