निरंजनमामाचा थरथरता हात

"फाटली! नळी फाटली!" विराज ओरडला.

बूढापारा वस्तीतल्या अरुंद गल्लीत, गटाराच्या उघड्या तोंडाशी 'खेकडा' वर आला होता. सुटकेसएवढा हा यंत्रमानव दुरून चालवायचा. त्याच्या पोलादी नांगीत हवेची नळी लोंबत होती, मधोमध चिरडलेली.

आत चाळीस फुटांवर सफाई कामगार देवीदासकाका अडकले होते. सकाळी गटाराचं जुनं छत कोसळलं आणि ते पलीकडे राहिले. तिकडे विषारी वायू साचत होता. अग्निशमन दलाचे जवान वरून रस्ता खोदत होते, पण त्यांना आणखी अर्धा तास हवा होता. ढिगाऱ्यातल्या फटीतून माणूस जाऊ शकत नव्हता. खेकडा जाऊ शकत होता.

"आता एकच नळी उरली, एकच मास्क," निरंजनमामा म्हणाला. खेकडा चालवायच्या पेटीवरचे त्याचे हात कापत होते. हा निधी आणि विराजचा मामा. सुट्टी लागली म्हणून दोघं चौबे कॉलोनीतून चार दिवस त्याच्याकडे राहायला आली होती.

शेजारची शर्मिष्ठा गटारात उतरणाऱ्या लोखंडी पाइपाला कान लावून बसली होती. "काका ठोकून राहिले! पण लय हळू!"

"मशीनच खराब आहे!" गटारसफाईच्या कंपनीचे यशवंतराव साहेब कपाळ पुसत म्हणाले. "सकाळपासून धड चालत नव्हतं. म्हणून तर देवीदासला उतरवावं लागलं!"

निधी दचकली. खराब? मागच्याच आठवड्यात तिने हाच खेकडा याच गल्लीत नाकासमोर चालताना पाहिला होता. तेव्हा तो मामासोबत काम करणारा दिवाकरभैया चालवत होता. त्याच्या मनगटात सळई घातलेली, त्यामुळे हात बोटभरच हलायचा. तेवढ्यावर खेकडा झरझर पुढे जायचा. आज मामा पेटीवरचे दांडे ढकलत होता आणि खेकडा भिंतींवर धडका देत होता.

ती पेटीच्या पडद्यावर वाकली. कोपऱ्यात बारीक अक्षरं होती. 'चालक : दिवाकर. काम : गाळ उपसणे.'

"मामा! दिवाकरभैया तर लग्नाले नागपूरले गेला न? मंग इथं त्याचं नाव काहून?"

"अवं, सगळे त्याच्याच नावानं चालवतात. सुरुवातीले एकच नाव टाकलं होतं. दुसरं टाकाले टाइम कोणाले आहे?"

"म्हणजे तुह्या हाताले मशीन त्याचा हात समजून राहिली! तो बोटभर हलवते, तू वीतभर!"

"ए मुली, हे खेळणं नाही. बाजूला हो," यशवंतराव खेकसले. "निरंजन, मास्क लाव आणि सोड खाली!"

"साहब, एक मिनट!" विराज भाजीच्या ठेल्यावरून टोमॅटो घेऊन धावत आला. त्याने तो नांगीत ठेवून हात झटकन मागे घेतला. "मामा, दबाओ! एकदम धीरे!"

मामाने अंगठा जेमतेम टेकवला. पच्च! टोमॅटोचा रस यशवंतरावांच्या सदऱ्यावर उडाला.

"गाळ समझ के पकड़ रहा है, साहब! मास्क का भी यही होगा!" विराज म्हणाला.

यशवंतरावांनी चिरडलेल्या नळीकडे पाहिलं आणि मामाला मानेनेच 'कर' अशी खूण केली.

मामाने भराभर नवं नाव टाकलं, कामही बदललं. पडद्यावर एक ठिपका उमटला. दोन्ही दांडे हलवत त्या ठिपक्यामागे जायचं, म्हणजे मशीन चालकाचा हात ओळखते. त्याला दोन मिनिटं लागणार होती.

तेवढ्यात शर्मिष्ठा किंचाळली, "ठोके बंद झाले!"

"सोड खाली!" यशवंतराव ओरडले. "आत्ताच्या आत्ता!"

मामाचा हात जुन्या नावाकडे वळला. निधीने दोन्ही तळवे पडद्यावर दाबून धरले. "नाही मामा! हा मास्क तुटला तर दुसरा नाही!"

मामाने दांडे धरले. ठिपका डावीकडे गेला, त्याचा हात भलतीकडेच गेला. त्याने दांडे सोडून दिले. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "हात थांबूनच नाही राहिला, निधी. माह्याच्यानं मशीन चालली नाही म्हणून देवीदास उतरला. थोडा शांत होऊ दे मले."

शांत व्हायला वेळ कुठे होता? आणि खाली काकांचा चेहरा दिसल्यावर मामाचा हात काय थांबणार होता?

"थांबवू नको!" निधी म्हणाली. "तिथंही हात असाच कापणार आहे न? मंग मशीनले हाच हात दाखव!"

मामाने तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा दांडे धरले. ठिपका फिरला, कापरा हात त्याच्यामागे फिरला. एकशेवीस सेकंद विराज मोठ्याने मोजत होता. पाइपातून एकही ठोका आला नाही.

'चालक : निरंजन. काम : वस्तू पोचवणे.'

खेकडा आत शिरला. या वेळी भिंतीला धडकला नाही. फटीतून पलीकडे गेला, तेव्हा पडद्यावर चिखलाने माखलेला चेहरा दिसला. डोळे मिटलेले होते. मामाचा हात थरथरत होता, पण नांगी थरथरत नव्हती. झोपलेल्या बाळावर दुलई घालावी तसा तिने मास्क काकांच्या नाकातोंडावर ठेवला आणि तिथेच धरून ठेवला.

एक मिनिट गेलं. काही हललं नाही. शर्मिष्ठाने पाइपाला कान इतका दाबला होता की तिचा गाल गंजाने लाल झाला.

"टक्!" ती पुटपुटली. मग रडतच ओरडली, "वाजलं! काका ठोकून राहिले!"

पंचवीस मिनिटांनी जवानांनी काकांना वर काढलं. मामा तोवर दांडे सोडायलाच तयार नव्हता. त्याची बोटं एकेक करून उघडावी लागली.

"शाबास, पोरांनो!" यशवंतराव पुढे येत म्हणाले. "डोकं आमचं चालायला हवं होतं, चाललं तुमचं. तुम्हाला कंपनीकडून मोठं बक्षीस देऊ."

स्ट्रेचरवरच्या काकांनी मास्क थोडा बाजूला केला. "शाबास रे पोट्टेहो!" ते दम घेत म्हणाले. मग यशवंतरावांकडे वळले. "साहेब, बक्षीस मागून द्या. पह्यले या पोट्ट्यायसमोर एक गोष्ट सांगा. मशीन बिघडली तर माणूस उतरवान का?"

यशवंतरावांनी डोक्यावरचं हेल्मेट काढलं.

"नाही," ते म्हणाले. मग मागच्या गर्दीलाही ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी पुन्हा सांगितलं, "यापुढे माणूस उतरणार नाही!"

"हव," काका म्हणाले आणि त्यांनी मास्क पुन्हा तोंडावर ओढला.