पाळण्यातून काढलेला आवाज

बारशाच्या आदल्या दिवशी गडहिंग्लजहून पहिली एसटी पकडून शिवप्रसाद कोल्हापुरात आला, तो एका पाळण्यासाठी. लाकडाचा पाळणा घरी होता हो! हा गाण्याचा पाळणा, खिशातल्या पेन ड्राइव्हमधला. शाहूपुरीत कृष्णातची एक खोली आहे. भिंतींना फोम, दाराला रबर, बाहेर मंडळाचे ढोल फुटले तरी आत चिटपाखराचा आवाज नाही. रेकॉर्ड झालेल्या गाण्यावर शेवटचा हात फिरवायचा, म्हणजे मास्टरिंग करायचं, हा त्याचा धंदा. हात सोन्याचा, तोंड मात्र फटकळ.

"कुणी गायलंय हे?"

"आमच्या सासूबाईंनी. रत्नव्वांनी. बायको शांभवी पोटुशी होती तवा मोबाइलवर गायल्या. म्हणल्या, बारशाला मी असंन, नसंन. आन् खरंच, बाळ व्हायच्या आधी पंधरा दिस गेल्या." शिवप्रसाद जवळ सरकला. "लेकीला आजीचा आवाज ऐकवायचा, एवढंच शांभवीचं म्हणणं हाय. पण लई खरखर येतीया ओ."

"मोबाइलवर गायल्यावर खरखर न्हाय तर काय सनई येणार? बसा बाहेर, पावणं. बाराच्या गाडीला सोडतो तुम्हाला."

कृष्णातनं दार लावून घेतलं आणि हेडफोन चढवले. गाणं चार मिनिटांचं. म्हातारीचा आवाज खणखणीत, सुराला पक्का. प्रत्येक कडव्याच्या शेवटी ती "नीज, नीज..." म्हणायची आणि थांबायची. तिथं बारशाच्या बायकांनी बाळाचं नाव घालायचं, म्हणून सोडलेली ती जागा.

आता खरखर काढायची कशानं? इक्वलायझरनं कापावी, तर म्हातारीचा गळाच पातळ होणार. गेट लावून बारीक आवाज बंद करावेत, तर शब्दांची शेपटं तुटणार. राहिला एकच उपाय. जिथं कुणी गात नाही तो तुकडा सॉफ्टवेअरला नमुना म्हणून दाखवायचा. मग ते तसला आवाज सगळ्या गाण्यातून वेचून काढतं. कृष्णातनं नावाची रिकामी जागा निवडली आणि नीट ऐकायला आवाज चढवला.

खरखरीच्या खाली काहीतरी होतं. बारीक. तान्हं मूल रडतंय, असं.

शेजारपाजारचं असेल, असं म्हणून त्यानं दार किलकिलं केलं. "ओ पावणं, गाणं रेकॉर्ड केलं तवा जवळपास लहान पोर होतं का?"

"कुठलं ओ! आमचं घर मळ्यात. चारी बाजूंनी ऊस. घरात अव्वा म्हंजी सासूबाई आन् शांभवी, दोघीच."

इथंच हात थांबायला हवा होता. पण शहाणपण नेहमी मागनं येतं. कृष्णातनं नमुना दिला आणि बटण दाबलं. गाणं लख्ख निघालं. वरून हलक्या हातानं कॉम्प्रेसरनं चढउतार सारखे केले, शेवटी लिमिटरनं आवाज फुटू दिला नाही. झालं!

या कामात एक सवय असते. काय ठेवलं ते सगळेच ऐकतात, जाणता माणूस काय काढलं तेही ऐकतो. कृष्णातनं काढून टाकलेल्या आवाजाचा थर लावला.

चार मिनिटं एक तान्हं बाळ रडत होतं. मधेच श्वास घेत होतं, हुंदका गिळत होतं, पुन्हा रडत होतं. जिथं म्हातारीचं कडवं असायला हवं तिथं रडं कमी व्हायचं, जिथं नावाची जागा यायची तिथं वाढायचं. म्हातारी मोबाइलसाठी गातच नव्हती... ती कुणालातरी निजवत होती. पोटात होतं ते लेकरू तेव्हा! जन्मलंही नव्हतं.

 कृष्णातनं हेडफोन फेकले. भर सकाळी, एवढ्या बंद खोलीत त्याला थंडी वाजली. त्यानं काढलेला तो थर पुसला, कॉम्प्युटरच्या कचऱ्याच्या पेटीतूनही उडवला, आणि स्वच्छ गाणं शिवप्रसादच्या हातात दिलं. रडण्याचं मात्र लपवलं. भ्याला होता, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. शिवप्रसादच.

"कृष्णातदादा... गाणं लावलं ओ. लेक लई रडत होती. पयल्या कडव्यातच गप झाली. बायका म्हणल्या, आजीला वळखलं..."

"मग?"

"गप न्हाय झाली ओ. रडतीया... तोंड उघडतंय, लालबुंद हुतीया... आवाजच न्हाय. डॉक्टर येऊन गेले. म्हणले, गळ्याला काय झालेलं न्हाय."

  कृष्णातला एकच सुचलं. "अव्वांच्या मोबाइलवर मूळ रेकॉर्डिंग असंल. ते लावा. आत्ता लावा!"

पलीकडं खुडबुड झाली. खरखर सुरू झाली. मग रडणं आलं, पण आता खाली दबलेलं नव्हे, मोठ्यानं. आणि बायकांच्या गलक्यातून शांभवी किंचाळली, "माझीच हाय ती! ह्यो माझ्या लेकीचा आवाज हाय!"

"अव्वा गात्यात का?" कृष्णातनं विचारलं.

"न्हाय..." शिवप्रसादनं पुन्हा ऐकून बघितलं. "अव्वा न्हाईत आता. नुसती लेक हाय. दादा, हे चार मिनिटांचं हुतं न्हवं? सव्वासहा मिनिटं दाखवतंय. वाढतंय ओ... हितं मांडीवर ती तोंड उघडती, आन् मोबाइलात वाढतंय."

कृष्णातला काल पुसलेला थर आठवला. तो परत मिळवायची कुठलीही युक्ती त्याच्याजवळ नव्हती.

फोन शांभवीनं घेतला. तिचा आवाज अगदी हळू होता, बाळ उठेल म्हणून बोलतात तसा.

"दादा, एवढंच सांगा. हे पुसलं, तर ती आवाजानं रडायला लागंल... का तिचा आवाज एवढाच उरलाय?"

 पलीकडं अव्वांच्या मोबाइलमधलं रडणं चालूच होतं. शांभवीनं तो मोबाइल उचलून छातीशी धरला आणि ती त्याला थोपटू लागली.