मागच्या पुठ्ठ्यातला खिसा

डुलुथच्या कायदा ग्रंथालयात मार्टाला अखेर हवा तो केंद्रीय कायदा सापडला. तळ्याकाठचं रान सरकारने घेतलं, तेव्हा वॉशिंग्टनच्या संसदेने एकट्या नायस्ट्रॉम कुटुंबासाठी तो केला होता: घराण्यातलं कुणी तिथे राहतंय, तोवर घर त्यांचंच. आता घराण्यात म्हातारा ऑर्व्हिल तेवढा उरला होता. उद्या न्यायाधीशांपुढे हे पान ठेवलं, की त्याला कुणी हुसकावू शकणार नव्हतं.

"मागचा खिसा पाहिलास का गं?" ग्रंथपाल रोझॅलिनने टोमणा मारला. "की वकील झाल्यावर शिकलेलं विसरलीस?"

मार्टा हसली. कायद्याच्या संहितेच्या खंडाला मागच्या पुठ्ठ्यात खिसा असतो. बदललेल्या कलमांची पातळ पुरवणी दरवर्षी त्यात खोचतात. ती न पाहणारा वकील मेलेला कायदा घेऊन कोर्टात उभा राहतो.

"अगं, हा जुन्या मूळ कायद्यांचा खंड, यात पुढे काही बदलत नाही. याला कुठला खिसा?"

"तेही खरंच," म्हणत रोझॅलिन कॉफी आणायला गेली.

तरी मार्टाने सवयीने पुठ्ठा उलटला.

खिसा होता.

आतली पुरवणी ओलसर, गार लागली. तिला तळ्याच्या गाळाचा वास येत होता. एकच ओळ छापलेली: ‘कायदा रद्द. नायस्ट्रॉम घराण्यातील कोणीही हयात नाही.’ खाली आजची तारीख.

तिने घाईघाईने फोन लावला.

"काय पोरी, आधीच हरलीस की काय?" ऑर्व्हिल खोकत हसला.

"तुम्ही बरे आहात ना?"

"मला काय धाड भरलीय? मासा तळतोय. ये जेवायला."

तिचा जीव भांड्यात पडला. पुन्हा पुरवणीकडे नजर गेली. ओळ बदलली होती.

‘नायस्ट्रॉम नावाचे कोणीही येथे कधी राहिले नाही.’

तिने मूळ कायद्याचं पान उघडलं. ते कोरं होतं.

"ऑर्व्हिल, घराबाहेर पडा. आत्ताच!"

"थांब जरा. दार वाजतंय."

"उघडू नका!"

त्याने फोन टेबलावर ठेवला होता. मासा चरचरत होता. कडी सरकली.

चरचर थांबली.

"ऑर्व्हिल?"

कुणीतरी फोन उचलला. तोच आवाज, तोच खोकला.

"कोण हवंय, बाई?" तो अदबीने म्हणाला. "हे घर बांधल्यापासून रिकामंच आहे."