नऊ नंबरची बेल

थट्टा करायची तर आत्ताच करून घ्या. पण हे घडलंय. माझ्या सख्ख्या धाकट्या दिराच्या बाबतीत घडलंय, आणि तो शनिवार मी जन्मात विसरणार नाही.

दीर सॉफ्टवेअर लिहितो. घरात आम्ही त्याला मास्तर म्हणतो, कारण त्याची एक खोड. कोड अडला की तो मोठमोठ्याने समजावत बसतो, ओळीमागून ओळ. ऐकायला माणूस लागत नाही. पाण्याची बाटली, खुर्ची, काहीही चालतं. सांगता सांगता स्वतःची चूक स्वतःलाच सापडते म्हणे.

त्या दुपारी ऑफिसला सुट्टी होती. तिसऱ्या मजल्यावर हा एकटाच.

काम हॉस्पिटलचं होतं. पेशंटच्या बोटाला चिमटा लावतात, नाडी बिघडली की नर्सच्या टेबलावर बेल वाजते. ती कधीकधी वाजतच नव्हती. आणि सोमवारी त्याच वॉर्डात माझ्या सासूबाई, म्हणजे त्याची आई, ऑपरेशनसाठी दाखल व्हायच्या होत्या.

सकाळपासून डोकेफोड चालली होती. चूक सापडेना. शेवटी त्याने एक रिकामी खुर्ची समोर ओढली.

"हे बघ, इथे नाडी मोजतो. नाही सापडली तर चिमटा निघाला असं समजतो. दहा सेकंद थांबतो…"

एसीची घरघर बंद पडली.

"…आणि पुन्हा मोजतो."

"मग?"

त्याला वाटलं, झाडूवाल्या मावशी आल्या. मागे वळून पाहिलं.

कोणी नव्हतं.

घाबरला, पण प्रश्न आईच्या जिवाचा होता. तो तसाच पुढे बोलला. "मग पुन्हा दहा सेकंद थांबतो."

"किती वेळा?"

त्याचं बोट स्क्रीनवरच राहिलं.

किती वेळा, हे त्याने लिहिलंच नव्हतं! नाडी खरोखर बंद पडली तरी तो प्रोग्राम चिमटा निघालाय समजून थांबत राहणार होता. तासन् तास. बेल न वाजवता.

त्याने भराभर दुरुस्ती केली. तीनदा नाडी सापडली नाही तर बेल वाजलीच पाहिजे. तपासून पाहिलं. वाजली! आनंदाने तो म्हणाला, "सुटलो बुवा!"

खुर्ची करकरली…

"मग माझी का नाही वाजली?"

घड्याळात दोन चाळीस झाले होते.

घरी आला तो पांढराफटक पडून. मी म्हटलं, उपाशीपोटी राबलास की असंच व्हायचं. त्याने ताटाला हात लावला नाही. "वहिनी, बाईचा आवाज होता. अगदी दमलेला."

सोमवारी नवा प्रोग्राम बसला. सासूबाईंना दहा नंबरची कॉट मिळाली. ऑपरेशन नीट झालं. मीही म्हटलं, चला, झालं गेलं विसरा.

गुरुवारी नर्सचा फोन आला.

"तुमच्या नव्या प्रोग्रामचं काहीतरी बिनसलंय हो. नऊ नंबरची बेल रोज वाजते. दोन चाळीसला."

"पेशंट कोण आहे?"

"कोणीच नाही. कॉट रिकामी आहे. चिमटासुद्धा कपाटात आहे."

दिराने सगळा कोड पुन्हा वाचला. चूक नव्हती.

त्याने परत फोन लावला. "आधी कोण होतं तिथे?"

"एक बाई होत्या… दुपारी गेल्या. आम्हाला कळलंच नाही. चहाच्या वेळी बघितलं, तर…"

पुढचं त्याला विचारवेना. तरी विचारलं. "आता बेल वाजली की जाता ना तुम्ही?"

"पहिले दोन दिवस गेलो. आता कोण उठतंय? त्या कोपऱ्यातली बेल म्हणजे मशीनच बिघडलंय, ठाऊक आहे सगळ्यांना."

त्याच कोपऱ्यात सासूबाई आहेत.

डॉक्टर अजून चार दिवस सोडणार नाहीत. दुसरी कॉट रिकामी नाही. म्हणून मी आणि दीर पाळीपाळीने तिथे बसतो.

काल माझी पाळी होती. बरोब्बर दोन चाळीसला बेल वाजली. टेबलावरच्या नर्सने मानही वर केली नाही.

मी धावत सासूबाईंपाशी गेले. छातीवर हात ठेवून पाहिला. श्वास नीट चालला होता.

बेल वाजतच होती.

शेजारी कोणीतरी कण्हल्यासारखं झालं… अगदी हळू.

मी तिकडे बघितलं नाही. बघायला हवं होतं, कळतंय मला. पण नाही बघितलं.