विहिरीवरचा दोर

पिंड ठेवून बराच वेळ झाला तरी कावळा खाली उतरेना. अर्जुना नदीच्या काठावरच्या आंब्यावर बसून तो मान वाकडी करून भाताकडे बघे आणि पुन्हा पंख साफ करू लागे. खाली पल्लवी नार्वेकरांच्या दहाव्याला जमलेली माणसं उन्हात ताटकळली होती. राजापूरचे कावळे अजून बदलले नव्हते. बाकी बरंच काही बदललं होतं.

जमलेल्यांपैकी जवळजवळ प्रत्येकाच्या जिभेखाली रसथेंब होता. लग्नात अक्षता वाटतात तसे हे थेंब आता दहाव्याला वाटत. थेंब विरघळला की मन भरून येई, घसा दाटे, आणि एरवी ज्याच्या डोळ्यातून टिपूस निघत नाही असा माणूसही मनसोक्त रडून मोकळा होई. शिवाय सगळे एकदम रडत, त्यामुळे कुणाला अवघडल्यासारखं होत नसे.

"मल्हार, आईची काय इच्छा राहिली असेल ती बोल बाबा," गुरुजी म्हणाले. "त्याशिवाय तो शिवायचा नाही."

पल्लवीताईंचा थोरला मुलगा मल्हार हात जोडून पुढे झाला. त्याच्या डोळ्यांना धार लागली होती.

"अक्का," तो म्हणाला, "तुझं शिवणाचं मशीन आम्ही विकणार नाही. कधीच विकणार नाही."

दोघा-तिघांनी माना डोलावल्या. कुणीतरी मोठ्यानं हुंदका दिला. मागे उभ्या असलेल्या केतकी शेट्ये मात्र टाचा उंचावून मल्हारकडे बघू लागल्या. नार्वेकर त्यांचे सख्खे शेजारी. पल्लवीताईंना साधं बटण लावता येत नव्हतं, मशीन तर त्यांच्या घरात कधी आलंच नाही. आणि मल्हार आईला 'आई' म्हणायचा.

अक्का केतकीची होती. आईवडलांच्या मागे लोकांची पोलकी शिवून धाकट्या बहिणीला वाढवणारी, आणि एका तापात चार दिवसांत गेलेली थोरली बहीण. तिच्या दहाव्याला, याच काठावर, तरुण केतकी हेच वाक्य बोलली होती, आणि कावळा झपकन खाली आला होता.

आज तो आला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि मंडळी नाकं पुसत घरी गेली.

रसथेंबामागचं शास्त्र तसं अवघड नाही. कविता वाचताना मेंदूतल्या पेशी एका ठरावीक क्रमानं जाग्या होतात. रत्नागिरीच्या काव्यरस प्रयोगशाळेनं या क्रमाचा नकाशा काढायची युक्ती शोधली, आणि त्या नकाशाला नाव दिलं 'ठसा'. हा ठसा डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म कणांवर उतरवायचा आणि ते कण थेंबात मिसळायचे. थेंब घेणाऱ्याच्या मेंदूत मग तोच क्रम जागा होतो. कविता वाचायची गरज नाही, समजायची तर नाहीच. ज्याच्या डोक्यावरून ठसा घेतात तो 'मूळवाचक'. ठसा वर्षभरात पुसट होतो, म्हणून मूळवाचकाला दरवर्षी प्रयोगशाळेत जाऊन तीच कविता पुन्हा वाचावी लागते.

केतकी वाचनालयात ग्रंथपाल होत्या, वाचनालय होतं तोवर. एका जुन्या दिवाळी अंकात त्यांना ही कविता सापडली होती. कवीचं नाव असलेला कोपरा उंदरांनी खाल्ला होता.

विहिरीवरचा दोर अजून ओला आहे
आत्ताच कुणी पाणी भरून गेलं
घागर कुणाची, विचारू नका
पावलं अंगणापर्यंत आली आहेत

प्रयोगशाळेनं ही कविता बऱ्याच जणांना वाचायला दिली होती. कुणाचं लक्ष उडालं, कुणाला गावची पाणीटंचाई आठवली. केतकींचा ठसा मात्र स्वच्छ निघाला, कारण त्यांना दर वेळी एकच दिसे: अक्काचं मशीन, त्यावर अर्धवट राहिलेला फ्रॉक, आणि मशीनच्या, पायानं दाबायच्या पायट्याचा थांबलेला आवाज. या ठशाचा थेंब घराघरांत पोचला. आम्हालाही कविता कळते, असं लोक अभिमानानं सांगू लागले. कसली कविता! त्यांना केतकी कळत होती.

दुसऱ्या दिवशी त्या तडक प्रयोगशाळेत गेल्या. तिथले प्रमुख डॉ. मकरंद आठल्ये त्यांच्याहून वयानं लहान आणि स्वभावानं गोड होते. त्यांनी आधी चहा मागवला.

"आठवणी थेंबातून जात नाहीत, असं तुम्ही म्हणाला होतात," केतकी म्हणाल्या.

"ताई, आठवण जात नाही. भावना जाते. पण नुसती भावना राहू शकत नाही, तिला काहीतरी चित्र लागतं. पहिल्या वेळी माणूस आपलं चित्र लावतो. पण थेंब पुन्हा पुन्हा घेतला की मेंदू ठशाला तंतोतंत बसणारं चित्र घडवायला लागतो. पायट्याचा ताल, तेलाचा वास, असं थोडं थोडं. तुम्ही वाचताना एक वाक्य मनात म्हणता. त्याचासुद्धा ठसा उमटतो."

"म्हणजे जातेच की आठवण!"

"तसं म्हणा हवं तर."

"आणि त्यांची स्वतःची चित्रं?"

आठल्ये चमच्यानं चहा ढवळत राहिले. "न वापरलेल्या पायवाटेवर गवत वाढतं, ताई."

"हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"अंदाज होता. पण दुसरी बाजू बघा ना. अक्का जाऊन किती वर्षं झाली! आज त्या लाखो माणसांत जिवंत आहेत. असं भाग्य कुणाला मिळतं? पुढच्या आठवड्यात तुम्ही इथल्या खुर्चीत वाचायला बसलात की आणखी वर्षभर त्या राहतील. नाही बसलात, तर हळूहळू जातील."

बोलणं केतकींच्या वर्मी लागलं होतं. परतीच्या बसमध्ये समोरच्या सीटवर एक अनोळखी बाई बसली होती. खिडकीबाहेर बघता बघता तिचा पाय आपोआप हलू लागला, टाच-चवडा, टाच-चवडा, मध्येच एक क्षण थांबून. टीप वळवताना अक्का असाच पाय थांबवायची. केतकींना इतका आनंद झाला की त्या बाईच्या गळ्यात पडावंसं वाटलं. आपल्या माणसाला कुणी असं परत देत असेल तर नको कोण म्हणेल?

संध्याकाळी त्या नार्वेकरांकडे गेल्या. पल्लवीताईंच्या फोटोला हार होता. मल्हार शेजारीच बसला होता, मोकळा, हलका, सगळं रडून झालेला.

"मल्हार, आई कशी हसायची रे?"

तो विचारात पडला. फोटोकडे बघून झालं, छताकडे बघून झालं.

"आई... दातांनी धागा तोडायची," तो म्हणाला.

केतकी उठल्या आणि चपला न घालताच घरी आल्या. पल्लवीताई हसताना तोंडावर पदर धरायच्या, पुढचा दात पडला होता म्हणून. सगळ्या आळीला ते माहीत होतं. त्यांच्या पोटच्या मुलाच्या डोक्यात मात्र तिथं आता अक्का बसली होती, बिचारी, कुणाचं काही न हिसकावणारी अक्का. केतकींना इतका संताप आला की पाणी पिऊन पेला खाली ठेवताना आपटला.

आठवड्यानं त्या खुर्चीत बसल्या. डोक्यावर ठसा टिपणारा टोप आला, समोर कविता आली.

"वाचा, ताई," आठल्ये म्हणाले.

"नाही वाचत."

"बरं वाटत नाहीये का?"

"ठणठणीत आहे. मी ही कविता घरी वाचीन, मला हवी तेव्हा वाचीन. आज अक्कासाठी वाचली तर उद्या मल्हारच्या आईसाठी वाचीन. तुमच्या यंत्रासाठी नाही." त्यांनी टोप काढून टेबलावर ठेवला.

आठल्ये पहिल्यांदाच चिडले. "तुम्हाला कविता कळते, म्हणून हा माज आहे! मला शाळेत एकही कळली नाही. 'कवीला काय म्हणायचे आहे' याचं उत्तर गाइडमधून पाठ करून लिहायचो. माझ्यासारख्यांनी काय कोरडंच मरायचं? थेंबानं आम्हाला रडायला तरी दिलं."

"डॉक्टर, तुम्ही अजून पाठच करताय. फक्त गाइड बदललंय. ते आता मी झालेय, आणि मला व्हायचं नाही."

"आम्ही दुसरा मूळवाचक शोधू."

"शोधा. त्याचंही कुणी गेलेलं असेलच. लोकांना त्याच्या नावानं रडवा. मी दारोदार जाऊन सांगीन की हे तुमचं माणूस नव्हे."

आणि त्या खरोखरच सांगत सुटल्या. बाजारात, देवळात, बसस्टँडवर. "अक्का माझी बहीण होती. तुमची कोण होती ते आठवा." लोकांनी ऐकून घेतलं असतं तर ही गोष्ट सोपी झाली असती. पण लोक भडकले. "अक्का काय तुमच्या एकटीची?" एका दुकानदारानं खडसावलं. एका बाईनं तर "अक्काला आमच्यापासून तोडणारी कोण गं तू?" म्हणत त्यांच्यावर हात उगारला. जिनं अक्काच्या मांडीवर डोकं ठेवून ताप काढले होते, तिला अक्काची वैरीण ठरवलं गेलं. केतकी घरी येऊन खूप रडल्या आणि सकाळी पुन्हा बाहेर पडल्या.

हळूहळू ठसा पुसट होत गेला. थेंब घेऊनही घसा दाटेनासा झाला. तेव्हा एक दिवस मल्हार त्यांच्या ओटीवर येऊन उभा राहिला.

"मावशी, ती कविता द्या. नुसती."

त्यांनी दिवाळी अंक पुढे केला. त्यानं चार ओळी वाचल्या.

"काय वाटायला हवं?"

"ते मी सांगणार नाही."

"पण मला मशीनच दिसतंय अजून!"

"पुन्हा वाच."

त्यानं पुन्हा वाचली, मग पुन्हा. शेवटी अंक बाजूला टाकला. "खोटी आहे ही कविता! आमच्याकडे कुठं होती विहीर? आमच्याकडे नळ होता. पाणी यायच्या आधी नळ नुसता सूं सूं करायचा, आणि त्या आवाजाला आई..." तो थांबला. "आई उठायची. अंधारात. आम्हाला जाग येऊ नये म्हणून बादलीत फडकं टाकायची. पाण्याचा आवाज होऊ नये म्हणून."

त्याचं तोंड रडल्यासारखं वेडंवाकडं झालं, पण रडू आलं नाही. थेंबाचं रडू सोपं होतं. हे अडकत होतं, दुखत होतं.

फडक्याचं केतकींना माहीत नव्हतं. इतकी वर्षं शेजारी राहूनही माहीत नव्हतं, आणि त्यांच्या कुठल्याच ठशात ते कधी उमटलं नसतं.

"पुण्याला दिलेली माझी ताई तर माझ्यापेक्षा जास्त थेंब घ्यायची," मल्हार म्हणाला. "तिलाही फोनवर ही कविता वाचून दाखवणार आहे. तिला आई दिसतच नाही. फडक्याचं आता सांगू का तिला?"

केतकींच्या ओठांवर 'सांग' आलं होतं. एका शब्दाचं तर काम होतं, आणि त्या पोरीला आई परत मिळाली असती. पण ती मल्हारची आई, तिची स्वतःची नव्हे.

"नको सांगूस," त्या म्हणाल्या. "तिची आई तिला शोधू दे."

"आणि नाहीच सापडली तर?"

केतकींनी अंक उचलला, झटकला आणि त्याच्या हातात दिला.

"तर पुन्हा वाचायला सांग."