शून्यस्थिती

मिरजेच्या जबडा-संशोधन संस्थेत डॉ. मुक्ता हळबे पडद्यावरची चित्रफीत पुन्हा बघत होती. शीतगृहात वायूगळती झालेली, दार सताड उघडं, आणि मुकादम "बसा, काही होत नाही" म्हणाला म्हणून नऊ कामगार जागीच बसून राहिले होते. नऊच्या नऊ गुदमरून गेले. नऊही जणांच्या दाढांवर मुक्तानं बनवलेली शमनपट्टी होती.

ही पट्टी तिनं स्वतःच्या डोकेदुखीपायी शोधली. मेंदूच्या तपासण्या करकरून डॉक्टर थकले, आणि दुखणं निघालं जबड्यात. दात जुळत नव्हते, ती दिवसभर नकळत दातावर दात दाबायची आणि स्नायूंचा ताण कानशिलांत चढायचा. शमनपट्टी दाढांना पक्की चिकटते, दंतवैद्यानं काढली तरच निघते. दाब वाढला की बारीक विद्युतस्पंद देऊन जबडा शून्यस्थितीत, म्हणजे पूर्ण विसाव्यात आणते. अर्ध्या जिल्ह्याची डोकेदुखी पळाली. मुक्ताचीही.

"मुजावर सर, शून्यस्थिती मोजली कुठं होती आपण?"

डॉ. मुजावर तिचे गुरू, पट्टीतले भागीदार. त्यांच्याही दाढांवर पट्टी होतीच.

"कुठं म्हणजे? खुर्चीत. दातांचं सगळं खुर्चीतच करतो की आपण."

"मान मागं टाकलेली, तोंडावर दिवा, वर आपण दात तपासायचा आकडा घेऊन उभे. तो विसावा नव्हता, सर. माणूस शरण आलेला होता. आणि जबड्याची खबर मेंदूला जातेच. माणूस विरोध करायला दात आवळतो, तेवढ्यात पट्टी त्याला परत त्या खुर्चीत नेऊन बसवते."

मुजावरांचा चेहरा उतरला. "खरंय गं. त्या खुर्चीत आजवर कुणी मला 'नाही' म्हटलेलं नाही."

एवढी शिकलेली माणसं, आणि हे कुणाच्या डोक्यात आलं नाही! मुक्ताला संताप यायला हवा होता. तो कानशिलापर्यंत आला, दाढेशी हलक्या मुंग्या आल्या आणि तो विरून गेला. ती मनातून हादरली. उद्यापासून शाळांतल्या मुलांना पट्ट्या बसणार होत्या, त्यात तिची सात वर्षांची इराही होती. मुक्ता नाही म्हणाली, तरच ते थांबणार होतं.

"सर, आधी माझी पट्टी काढा. आत्ता."

"बरं," म्हणत मुजावरांनी चिमटा उचलला. ती खुर्चीत आडवी झाली. तेवढ्यात संचालक रणदिवे आत आले. रणदिव्यांना पट्टी लागलीच नव्हती. त्यांचं डोकं कधी दुखलं नव्हतं, दुसऱ्यांची दुखवण्यातच हयात गेलेली.

"हे काय चाललंय? राहू दे ते, मुजावर."

"बरं," म्हणत मुजावरांनी चिमटा खाली ठेवला.

"डॉक्टर, उद्या पहिली पट्टी तुमच्या लेकीला बसवू. तुम्हीच बसवा, म्हणजे बाकीच्या आईबापांना धीर येईल. चालेल ना?"

मुक्तानं सगळं बळ एकवटलं. 'नाही' एवढाच शब्द हवा होता. तिनं इराचा चेहरा डोळ्यांसमोर आणला, त्या नऊ जणांचे आणले, आणि दात आवळले. दाढेशी मुंग्या आल्या. जबडा अलगद सैल पडला.

"हो सर," ती म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आवाज मात्र शांत होता. "इराच्या दाढा लहान आहेत. पट्टी थोडी अरुंद कापावी लागेल."