बिनदेवाची सून

रविवारी सकाळी कोणी दार वाजवलं की मला अजूनही राग येतो. त्या दिवशी तर मी खिडकीत पाय वर घेऊन, मांडीवर पोह्यांची ताटली ठेवून, कोणाच्याही हाकेला ओ द्यायची नाही असं ठरवून बसले होते. बाहेर श्रावणातला ऊन-पाऊस चालला होता. दार वाजलं, ते वाजतच राहिलं.

उघडलं, तर खांद्यावर पिवळ्या वायरीचं भेंडोळं घेतलेला एक तरुण. केसांत पावसाचे थेंब, आणि चेहऱ्यावर आपण फार अडचणीत आहोत असा भाव.

“मॅडम, एक प्लग मिळंल? खाली चंपाबाईंकडे सत्यनारायण हाय. माझ्या लायटिंगनं त्यांचा फ्यूज उडाला.”

चंपाबाई माझ्या घरमालकीण. बिरवाडीतल्या त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत मी भाड्याने राहते आणि एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये काम करते. त्याने दारावरची पाटी वाचली.

“सुवार्ता साळवे... ख्रिश्चन का तुम्ही? मग आज चर्चला नाय गेलात?”

“सोडलं.”

“लांब पडतं का? माझा टेम्पो हाय, सोडीन कधी तरी—”

“चर्च नाही, देव सोडला.”

त्याने एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, “आणि... प्लग?”

मी इतकी हसले की हातातल्या ताटलीतले पोहे सांडले.

तो मुरारी. सावित्रीकाठच्या तुडीलचा. महाडपासून पोलादपूरपर्यंत कुणाचं लग्न असो, बारसं असो की गणपती, बांबू आणि कनाती त्याच्या. सत्यनारायण झाला, प्रसादाचा शिरा वाटून संपला, पण माझ्या प्लगमधली वायर काढायला त्याला काही सवड मिळेना. दर रविवारी यायचा, वायरीकडे बघायचा, चहा प्यायचा आणि वायर तशीच ठेवून जायचा.

“तू विसरभोळा आहेस की लबाड?” मी एकदा विचारलंच.

“दोन्ही नाय. वायर लांब हाय... एका दिवसात निघत नाय.”

मग मीही ती काढ म्हणून मागे लागले नाही.

माझे वडील नगरकडे चर्चमध्ये पाळक आहेत. लहानपणापासून रविवार म्हणजे इस्त्रीचा फ्रॉक, पहिला बाक आणि सगळ्या मंडळीचे माझ्यावरचे डोळे. मी गायचेही छान. पण कॉलेजात कधीतरी लक्षात आलं, की गुडघे टेकून मी जे बोलते ते माझं मलाच ऐकू येतं, पलीकडे कोणी नाही. ते पप्पांना सांगितलं तेव्हा ते ओरडले नाहीत. बराच काळ बोललेच नाहीत, आणि ते ओरडण्याहून वाईट होतं. सगळे म्हणाले, पोरीचं आयुष्य कोरडं होणार. मी वाट बघत राहिले, पण कोरडं काही झालं नाही. उलट रात्री गाढ झोप लागायला लागली, आणि रविवारची सकाळ आयुष्यात पहिल्यांदा माझी स्वतःची झाली.

हे सगळं मी मुरारीला टेम्पोत सांगितलं, पाचाडच्या रस्त्यावर. तिथे गडाखालच्या एका खानावळीत पिठलं-भाकरी फार छान मिळते, असं निमित्त होतं. रस्त्यात देऊळ आलं की मुरारीचा हात आपोआप छातीशी जायचा.

“दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेव ना!”

“देव बघतोय.”

“देव बघू दे. तू रस्ता बघ.”

“तुझ्यासारख्या सगळ्या झाल्या ना, तर माझा धंदाच बसंल,” तो म्हणाला आणि चोरून माझ्याकडे बघितलं. “मी मानतो. तुला चालतंय ना?”

“मला चालतं. मी मानत नाही, ते तुला?”

“मला तर तू कशीही...” पुढचं वाक्य त्याने गिअर बदलण्यात घालवलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले, गाल तापलेले त्याला दिसू नयेत म्हणून.

मार्गशीर्षात पोलादपूरला एका लग्नाचा मंडप होता. मी सहज गेले होते... म्हणजे, सहज असं त्याला सांगितलं होतं. तो वर बांबूवर, तोंडात सुतळी, मी खाली. तिथूनच तो ओरडला, “लोकांच्या लग्नांचे मंडप घालून कंटाळा आलाय मला!”

“मग खाली ये आणि नीट विचार.”

सुतळी गळ्यात तशीच, तो खरंच खाली उतरला. त्याने विचारलं आणि मी हो म्हणाले. पण लगेच दोन गोष्टी सांगितल्या. लग्न नोंदणी पद्धतीने करायचं, तुझ्या देवासमोर नाही आणि माझ्या पप्पांच्याही नाही. आणि घरी माझ्याबद्दल खरं ते सांगायचं.

“सांगतो ना,” मुरारी म्हणाला.

चैत्रात तो मला तुडीलला घेऊन गेला. वडील नव्हते त्याला. घरात आई एकटी, जानकीबाई. ठसठशीत कुंकू, तुरुतुरु चाल. मला बघून छान हसल्या, हाताला धरून थेट स्वयंपाकघरातल्या देव्हाऱ्यापाशी नेलं. गणपती, कुलदेवीचा टाक, बाळकृष्ण... आणि शेवटी नव्या चौकटीतला येशू ख्रिस्त. त्याच्याही गळ्यात मोगऱ्याचा गजरा.

“महाडात शोधला, मिळाला नाय. मंग मुंबयच्या भावाकडनं मागवला,” त्या म्हणाल्या. माझ्या हातात त्यांनी मेणबत्ती आणि काडेपेटी दिली. “तुझ्या देवाला तूच लाव गो. तुमच्यातलं मला काय येत नाय.”

 एवढी जागा माझ्यासाठी कोणी केली नव्हती. मी दाराकडे बघितलं. चौकटीला टेकून उभ्या असलेल्या मुरारीच्या डोळ्यांत नुसती विनवणी... लाव ना, एवढंच तर आहे! आता मला कळलं त्याने घरी काय सांगितलं होतं ते. ख्रिश्चन आहे, इतकंच सांगितलं होतं.

हे ‘एवढंच’ मला चांगलं ठाऊक होतं. एवढंच डोळे मिट, एवढंच गीत म्हण, एवढंच आमेन. त्यातून बाहेर पडायला मला घर सोडावं लागलं होतं. एक काडी ओढली असती तर लग्न तिथेच पक्कं झालं असतं. मी काडेपेटी खाली ठेवली.

“आई, हा माझ्या वडिलांचा देव आहे. माझा नाही. मी कुठलाच देव मानत नाही.”

“म्हंजी?”

“मुरारीला माहीत आहे. पहिल्या दिवसापासून.”

त्या त्याच्याकडे वळल्या. तो जमिनीकडे बघत पुटपुटला, “मी सांगणारच होतो आये...”

“कधी? नातवाच्या बारशाला?”

मग त्या माझ्याकडे वळल्या. आवाज बारीक झाला होता. “आजारी पडलीस तर कोणाला हाक मारतेस गो?”

“थंडीत डेंग्यू झाला होता. घरमालकिणीला हाक मारली. त्यांनी पेज करून दिली. मुरारी दवाखान्यात उशाशी बसून होता.”

“आणि भ्या वाटलं तर?”

“वाटतं. थोडा वेळ राहतं, मग जातं.”

त्यांनी पदराने तसबिरीची काच उगाच पुसली. “मी किती दिस सवताशी भांडले. म्हटलं, देव दुसरा का असंना, देव तर हाय. आता तू म्हणतेस तोपण नाय.”

“आज लावली तर रोज लावावी लागेल आई. म्हणजे तुम्हाला रोज फसवायचं. ते मला जमणार नाही,” मी म्हणाले आणि बाहेर आले. मागे फिरावंसं वाटलं नाही.

मुरारी मागोमाग अंगणात धावला. “थांब ना... एवढंच तर होतं, सुवार्ता!”

“एवढंच होतं, तर तू का नाही सांगितलंस?”

ऊन चटचट लागत होतं. त्याने कपाळावरचा घाम पुसला. “भ्यायलो. आये नाय म्हणाली, तर तू जाशील म्हणून.”

“मी आताही चाललेच आहे.”

“नको जाऊ.”

“माझं खूप प्रेम आहे रे तुझ्यावर,” मी म्हणाले, आणि हे मी त्याला पहिल्यांदाच सांगत होते. “पण खोटं बोलून मी या घरात येणार नाही. आत जा आणि तू बोल. मी इथे उभी आहे.”

तो गेला. मंडपाच्या टोकावरून गावभर ऐकू जाईल असा ओरडणारा माणूस, पण आतून येणारा आवाज फाटलेला होता.

“आये, ती नाय मानत. मी मानतो, तू मानतेस, पण ती नाय मानत. आणि मला ती अशीच पायजे. तू नाय म्हणालीस तरी मी तिच्याशीच लगीन करणार. तुझ्यापासून लपवलं, ते माझं चुकलं.”

 मी चपलेच्या टोकाने अंगणातली माती उकरत राहिले. शेवटी जानकीबाई ओटीवर आल्या. डोळे पुसलेले, तरी लाल.

“लगीन कुठं करणार?”

“महाडला, रजिस्टर,” मी म्हणाले.

“आणि मंडप?”

“मंडप घालणार!” मुरारी आतूनच म्हणाला.

“तू गप रे.” त्या माझ्याकडे बघत राहिल्या. “तो फोटो मी काढणार नाय, सांगून ठेवते. फुलं मी घालीन, मेणबत्ती मीच लावीन. घरात आलेल्याला आम्ही घालवत नाय.” मग एकदम आवाज चढवून, “आणि तू काय उन्हात उभी हायस गो? आत ये. भात निवतोय.”

पप्पांचं घर सोडताना मी रडले नव्हते. तेव्हा मात्र रडले, चपला काढता काढता. कोणी समजूत घालत बसलं नाही, ते बरं झालं.

जेवताना मुरारी माझ्याशेजारी बसला. आई आमटी आणायला वळल्या तेवढ्यात त्याने कोपराने मला हळूच ढोसलं.

“आता खूश?”

“खूश तर मी आधीपासूनच होते,” मी म्हणाले. “आता सोबत तूपण आहेस.”